जावयानं निवडलेलं यंत्र

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न एका खोट्यावर जमलं. ते खोटं मी बोललो नाही. मी फक्त ते शांतपणे ऐकलं आणि वर मोठ्या मनानं मान डोलावली.

त्या मान डोलावण्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. मुलीचा संसार उत्तम चालला आहे, तेव्हा सोयरीक मोडायची भीती उरलेली नाही. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, तेव्हा मला मारायला कुणी धावून येईल ही शक्यताही कमी. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून काढतो. यात एका सज्जन माणसाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावयाच्या, नावाला चिखल लागला आहे. (चिखल खराखुरा होता. तो पुढं येईलच.)

मी एकतीस वर्षं एसटीत होतो, कोल्हापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. जिल्ह्यातल्या कुठल्याही गाडीचे थांबे मला ओळीनं पाठ. त्यामुळे घरात आणि गल्लीत असा समज होता की आण्णांना जिल्ह्यातला रस्ता न् रस्ता ठाऊक आहे. हा समज मीच पसरवला होता. खरं सांगायचं तर एकतीस वर्षं मी खिडकीच्या आत बसून गाड्या सोडल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली की वळते, एवढंच मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं तिचं काय होतं ते ड्रायव्हरला माहीत.

निवृत्तीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली. चालवायला धाकटी मंगल शिकली आणि रस्ता सांगायला मी तिच्या शेजारी बसू लागलो. शिरोळकडच्या एका लग्नाला जाताना मी इतक्या आत्मविश्वासानं रस्ता सांगितला की आम्ही वेळेच्या आधी पोचलो, अक्षता टाकल्या, अहेर दिला, पंगतीला बसलो, जिलेबी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि मग माझी पत्नी शालन माझ्या कानाशी म्हणाली, "ओ, नवरी आज जरा येगळीच दिसालीय, न्हाय?"

नवरी वेगळीच होती. नवराही वेगळा होता. गावसुद्धा वेगळं होतं. आमचं लग्न तिथून चार मैल पुढं लागत होतं.

परतीच्या वाटेवर मंगलनं निकाल दिला. "ह्यापुढं आण्णांना रस्ता विचारायचा न्हाई. यंत्र घ्यायचं."

तेव्हा फोनमध्ये नकाशे आलेले नव्हते, निदान आमच्या फोनमध्ये. गाडीच्या काचेला चिकटवायचं, तळहाताएवढं एक काळं यंत्र मिळायचं. आपण कुठं आहोत ते आभाळातल्या उपग्रहावरून ओळखायचं आणि कुठं वळायचं ते बोलून सांगायचं.

"म्हणजे उपग्रहाला विचारायचं आणि घरातल्या माणसाला न्हाई?" मी म्हणालो.

"उपग्रह कधी परक्याच्या पंगतीत जेवून आला न्हाई, आण्णा."

यंत्र निवडायचं काम थोरल्या जावयांकडं गेलं. विनायकराव इचलकरंजीला असतात, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणूस असा की चहाचा कप उचलण्याआधी त्याच्या बुडाला ओल आहे का ते बघणार. त्यांनी महिनाभर संगणकावर वाचन केलं आणि एका रविवारी मला राजारामपुरीतल्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं दोन यंत्रं काढली. दिसायला जुळी भावंडं. दुकानात बसून त्यांना उपग्रह सापडेना, म्हणून आम्ही तिघे बाहेर रस्त्यात आलो आणि हात वर करून ती आभाळाला दाखवू लागलो. कोल्हापुरात रस्त्यावर कुणी वर बघत उभं राहिलं की शेजारी दुसरा येऊन उभा राहतो. पाच मिनिटांत नऊ माणसं जमली.

"काय बघालाय ओ?" एक जण.

"उपग्रह," मी म्हणालो.

"दिसालाय काय?"

"अजून न्हाई."

"मग ते दुसरं घ्या," तो म्हणाला. त्याला अजून माहीतसुद्धा नव्हतं की आम्ही काय घेतोय.

विनायकरावांनी गर्दीकडे लक्ष न देता दोन्ही यंत्रं तपासली आणि डाव्या हातातलं निवडलं. "आण्णा, ह्याचा नकाशा ताजा आहे. आणि मुख्य म्हणजे हे मोठा रस्ता धरून चालतं. दुसरं जवळचा रस्ता शोधायच्या नादात कुठंही शिरतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय." आठ दिवसांत बदलून देण्याच्या बोलीवर त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि ते इचलकरंजीला गेले. इथपर्यंत सगळं सरळ होतं. इथून पुढचं पंधरा वर्षं मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

मी घरी येताना ते यंत्र रिक्षात सुरू करून बघितलं. त्याला आमचं मंगळवार पेठेतलं घर विचारलं. त्यानं मला हमरस्त्यानं, मोठा वळसा घालून आणलं. वास्तविक डेअरीच्या मागून एक बोळ आहे. त्या बोळातून मी चाळीस वर्षं सायकलनं येतोय. यंत्राला तो बोळ माहीत नव्हता!

मला रात्रभर वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही. मला आनंद झाला. ज्याच्यासाठी मला रस्ता सांगण्यावरून काढून टाकलं, त्याला माझ्या घरचा बोळ ठाऊक नसावा? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा दुकानात हजर झालो.

"ते दुसरं काढा," मी म्हणालो. आम्ही पुन्हा रस्त्यात उभे राहिलो, मी पुन्हा घर विचारलं. दुसऱ्या यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर बारीक रेघ उमटली. डेअरीच्या मागून. बोळातून. थेट आमच्या मागच्या दारात!

मला भरून आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सहमत झालं होतं.

"हे द्या बदलून."

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "मामा, त्या बोळातनं गाडी जाती काय पण?"

"गाडी जायचा प्रश्न न्हाई. ज्ञानाचा प्रश्न हाय."

"आवो, हे नवीन कंपनीचं हाय. अंतर कमी दिसलं की कुठनं बी नेतंय. तुमच्या जावयांनी बघूनच ते घेतलंय की. त्यांना विचारा तरी."

"जावयांना मी सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. खोकं तेच ठेवलं, आत यंत्र नवं. दोन्ही काळी, दोन्ही तेवढीच. कुणाला काय कळणार?

एरवी हा प्रकार तिथंच मिटला असता. पण त्याच महिन्यात मंगलचं ठरायची वेळ आली.

मंगल एकोणतीस वर्षांची होती आणि तिनं तोवर अकरा स्थळं नाकारली होती. बारावं चंदगडचं आलं. मुलगा शिकलेला, घरचा काजूचा कारखाना, बोलायला मऊ. कोल्हापुरात येऊन तो मंगलला दोनदा भेटून गेला आणि दुसऱ्यांदा गेल्यावर ती स्वयंपाकघरात उगाचच डबे पुसत बसली. शालननं मला खूण केली. मंगलनं डबे पुसणं म्हणजे होकारच होता.

आता आम्ही त्यांच्या घरी जाऊन, घर बघून, बोलणी पक्की करायची राहिली होती. मुलाला वडील नव्हते. कर्ता माणूस एकच, थोरले चुलते, लष्करातून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "रविवारी बाराला जेवण. बारा म्हणजे बारा." मुलानं मंगलला नंतर हळूच कळवलं, की आधीच्या एका स्थळाची माणसं पाऊण तास उशिरा आली, तेव्हा काकांनी त्यांना पाणी दिलं, सरबत दिलं आणि जेवायच्या आत परत पाठवलं. ज्या घराला वेळ पाळता येत नाही तिथं आमचा मुलगा द्यायचा नाही, म्हणाले.

तेव्हा सगळं बाराच्या ठोक्यावर अडलं होतं.

रविवारी सकाळी आठला निघायचं ठरलं. विनायकराव आणि थोरली सुनीता दोन वर्षांच्या मुलीला इचलकरंजीला तिच्या आजीकडं ठेवून आदल्या दिवशीच आले होते. मंगलला गाडी चालवायची होती, पण शालन म्हणाली, "ठरवायला निघालेली पोरगी गाडी हाकत गेली तर सुभेदार काय म्हणतील? मागं बस." म्हणून विनायकराव चालवायला बसले. मी पुढं. मागं तिघी आणि तिघींच्या मांडीवर मिळून पेढ्यांचा मोठा पुडा.

यंत्र मी पहाटेच काचेला लावलं होतं. शालननं त्याला हळदकुंकू लावलं होतं, ते नेमकं पडद्यावर, त्यामुळे दक्षिण कोल्हापूर जिल्हा पिवळा दिसत होता. विनायकरावांनी तो रुमालानं पुसला. पुसता पुसता थांबले. यंत्र उलटं करून मागचं नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"आण्णा, हे..."

"चला चला, आठ वाजून गेले," मी म्हणालो आणि बाहेरच्या विजेच्या खांबाचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो.

विनायकरावांनी आरशात मागं बघितलं आणि गाडी सुरू केली.

यंत्रातली बाई इंग्रजीत बोलायची. भाषांतराचं काम मी आपण होऊन घेतलं. "उजवीकडं म्हणालीय. आता सरळ म्हणालीय."

"कुणाची लेक म्हणायची ही?" शालन मागून म्हणाली. "सकाळपासनं बोलालीय, एकदा घोटभर पाणी न्हाई प्याली."

गडहिंग्लजपर्यंत सगळं सुरळीत झालं. श्रावणातली हिरवी रानं, मधूनच ऊन, मधूनच भुरभूर. दहा वाजायच्या आत आम्ही गडहिंग्लज सोडलं. मी इतका खूश झालो की यंत्राचं श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे घेऊ लागलो. नेसरी मागं पडली, आणि थोड्याच वेळात बाई म्हणाली, उजवीकडं वळा.

उजवीकडं उसातून जाणारी एक पाणंद होती.

"आण्णा, मोठा रस्ता सरळ जातोय," विनायकराव म्हणाले. "पाटी पण आहे, चंदगड."

"पण ती उजवीकडं म्हणालीय. सात किलोमीटर वाचतात, बघा लिहिलंय."

"पाणंद आहे, आण्णा."

"अहो, महिनाभर वाचून आणलेल्या यंत्राचं ऐकायचं न्हाई, तर आणलं कशाला?" हे मागून सुनीता म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याच्या निवडीचा तिला अभिमान होता बिचारीला.

विनायकराव पुन्हा माझ्याकडं बघू लागले. त्याच वेळी मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "तिला ठाऊक असणार."

ते वळले.

पाणंद अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंनी उसाची पानं काचा पुसू लागली. फर्लांगभर गेल्यावर समोर एक म्हैस आली. ती मागं सरायला तयार नव्हती आणि आम्हाला मागं सरता येत नव्हतं. शेवटी तिच्या मालकानं तिला उसात घातलं आणि तो आमच्याकडे वाकून बघू लागला.

"पावणं, कुठं निघालासा?"

"चंदगडला."

"मग हिकडं कशाला आलासा?"

"ह्यात दाखवलंय," मी यंत्राकडं बोट केलं.

त्यानं खिडकीतून डोकं आत घालून यंत्राकडं नीट पाहिलं. पडद्यावर नदी होती आणि नदीवरून सरळ रेघ पलीकडं गेली होती.

"बंधारा हाय त्यो," तो म्हणाला. "उन्हाळ्यात जातंय माणूस त्याच्यावरनं, सायकल बी जाती. आता कमरंएवढं पाणी हाय वर. ह्याला पवायला येतंय काय?"

मागं कुणीही हसलं नाही.

विनायकरावांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. दहा हात मागं गेली, डावं चाक कडेच्या चरात उतरलं, आणि गाडी एका बाजूला कलून निवांत बसली. यंत्रातली बाई म्हणाली, शंभर मीटर सरळ चला.

मी उतरून ढकलायला गेलो. विनायकराव चाकाखाली दगड घालायला वाकले आणि त्यांनीच गियर टाकून ठेवलेली गाडी... नाही, हेही खरं सांगतो. ते वाकलेले असताना मंगल चालवायला पुढं येऊन बसली आणि मीच तिला ओरडून सांगितलं, "दाब!" तिनं दाबलं. चाक जागच्या जागी गरगरलं आणि सगळा चर उडून विनायकरावांच्या अंगावर आला. नवा पांढरा शर्ट, चष्मा, भांग, सगळं एका रंगाचं झालं. मी बाजूला होतो. माझ्यावर एक थेंब उडाला नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनला रेंज नव्हती. मंगल गाडीतून उतरली आणि उसाच्या कडेला जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

ते बघून शालनचा तोल गेला. "विनायकराव, महिनाभर वाचलंसा तुम्ही. एवढं वाचून हे निवडलं व्हय? माझ्या पोरीचं काय होणार आता?" सुनीता मान खाली घालून बसली होती. नवऱ्याची बाजू घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

विनायकरावांनी चष्मा काढला. चिखलातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडं बघत होते. शालन माझ्याकडं बघत होती. म्हशीचा मालक बघत होता. म्हैसही बघत होती. सांगायची याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही.

मी पुढं झालो, विनायकरावांच्या खांद्यावर हात ठेवला (कोरडी जागा बघून) आणि म्हणालो, "असू दे शालन. होतं माणसाकडनं. आपल्याच घरचे आहेत."

मी त्यांना क्षमा केली! माझ्या चुकीबद्दल! आणि सांगायला लाज वाटते, करताना मला बरं वाटलं.

"लाखात एक सासरा हाय," म्हशीचा मालक म्हणाला.

मग त्यानं तोंडाला हात लावून अशी आरोळी ठोकली की उसातून चार माणसं बाहेर आली. पाचव्यानं ट्रॅक्टर आणला. चंदगडला मुलगी द्यायला निघालोय, बाराला पोचायचंय, एवढं कळल्यावर त्या पाच जणांनी गाडी चरातून उचलल्यासारखी काढली. पण चिखल इंजिनात की आणखी कुठं गेला होता, गाडी सुरू होईना. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काय काळजी करू नगासा. दोर लावतो. सुभेदारांचं घर ठाव हाय मला." शालननं प्रत्येकाच्या हातावर पेढे ठेवले. सोयरीक जमायच्या आतच अर्धा पुडा संपला.

अशा रीतीनं आम्ही निघालो. पुढं ट्रॅक्टर, मागं दोराला बांधलेली गाडी, गाडीत चिखलाचा जावई सुकाणू धरून बसलेला. यंत्र बंद कसं करायचं ते मला येत नव्हतं, त्यामुळं बाई सबंध रस्ताभर मागं फिरा, मागं फिरा म्हणत होती.

सुभेदारांच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटं होती. ते फाटकात उभे होते. ताठ, पांढऱ्या मिशा, मनगटावर घड्याळ. त्यांच्या मागं मुलगा, त्याचा चेहरा उतरलेला. सुभेदारांनी आधी ट्रॅक्टर पाहिला, मग दोर, मग एकेकाला उतरताना पाहिलं. पाणी, सरबत आणि परतीचा रस्ता, तिन्ही मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

"बारा म्हणालो होतो," सुभेदार म्हणाले. "गलती कुणाची?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, यावेळी मी सांगणारच होतो. शब्द जिभेवर आलेले होते, फक्त कुठल्या शब्दानं सुरुवात करावी हे ठरत नव्हतं. तेवढ्यात विनायकराव पुढं झाले.

"माझी," ते म्हणाले. "यंत्र मी निवडलं. गाडी मी वळवली. ह्यांच्यातल्या कुणाचा दोष नाही. मंगल तर सकाळी सहापासून तयार होती."

अंगावरचा वाळलेला चिखल बोलताना त्यांच्या गालावरून खपल्या होऊन पडत होता.

सुभेदारांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही जावयाला काय म्हणालात?"

"काय म्हणणार," ट्रॅक्टरवाला मधेच बोलला, "खांद्यावर हात ठेवला आनि म्हनले, होतं माणसाकडनं. आमच्या म्हशीवाल्या गड्यानं सोता ऐकलंय."

सुभेदारांनी घड्याळावरून बाही खाली ओढली. मग म्हणाले, "चूक झाली तर विचारायच्या आत कबूल करणारा जावई, आणि त्याला चारचौघांत एक शब्द न बोलणारा सासरा. असं घर मला लष्करात तीस वर्षांत दिसलं नाही. आत या. जेवण गरम करायला सांगतो."

मुलाचा चेहरा उजळला. मंगलनं पदराचं टोक पिळत दुसरीकडं पाहिलं. सुभेदार माझा हात धरून मला घरात घेऊन गेले, आणि मी मान डोलावली. हीच ती मान.

आता तुम्हीच सांगा, त्यानंतर मी कधी बोलायचं होतं? सोयरीक ज्या गोष्टीवर जमली तीच खोटी, असं साखरपुड्यात सांगायचं? लग्नात? पहिल्या बाळाच्या बारशाला? दर वेळी मी ठरवायचो आणि दर वेळी सुभेदार चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकून ती कथा सांगायचे. तिच्यात माझं मन दर वर्षी थोडं मोठं होत गेलं. आणि विनायकराव घरातला विनोद होऊन बसले. कुठं जायचं ठरलं की कुणीतरी म्हणायचंच, "दाजींना रस्ता विचारू नका, नायतर ट्रॅक्टर सांगून ठेवा." सगळे हसायचे. विनायकरावही हसायचे.

परवाच्या मे महिन्यात त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. निमंत्रणावर घराचा नकाशा छापला होता. जेवताना त्यांची सतरा वर्षांची मुलगी, माझी नात, मैत्रिणींना म्हणाली, "नकाशा पप्पांनी काढलाय. तरी तुम्ही सगळ्या पोचलात, कमाल आहे." हशा झाला. मी सहज विनायकरावांकडं बघितलं. ते हसले, पण इतरांच्या जरासं मागाहून.

पंधरा वर्षं मला ते जरासं दिसलं नव्हतं.

मी ताटावरून उठलो. म्हणालो, "सगळ्यांनी ऐका." आणि सांगितलं. दुकान, बोळ, बदललेलं यंत्र, खोकं, विजेचा खांब, सगळं. काही शिल्लक ठेवलं नाही.

मग मंगलच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आण्णा," ती म्हणाली, "दाजींची मान वर राहावी म्हणून ह्या वयात स्वतःवर घेताय?"

"अगं, घेत न्हाई. खरंच माझं हाय."

"बघा, अजून घेतायत," सुनीता पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"दुकानदाराला विचारा," मी म्हणालो.

"दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली की," शालन म्हणाली. "आणि तुम्हाला असलं यंत्र बदलून आणायला कवा जमलं ओ? तुम्हाला ते बंद करायला येत नव्हतं."

सुभेदार आता सत्याऐंशी वर्षांचे आहेत. ते काठी टेकत उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी मला कडक सलाम ठोकला. पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या.

हात धुवायच्या निमित्तानं मी विनायकरावांना मागच्या अंगणात गाठलं. "तुम्ही तरी सांगा त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, सासऱ्याच्या मोठेपणाचा फायदा घेतला," ते म्हणाले. आणि हसले. यावेळी मागाहून नाही, आधीच.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोलला का न्हाईत?"

"गाडी सुरू करताना आरशात मंगल दिसली, आण्णा. ओठ घट्ट मिटून घड्याळाकडं बघत बसली होती. म्हटलं, यंत्र कुणी बदललं त्याची चौकशी करण्यात दहा मिनिटं जातील. नंतर ती चौकशी राहूनच गेली." त्यांनी माझ्या हातात टॉवेल दिला. "आज मुलीसमोर बोललात. मला तेवढं पोचलं."

पण मला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. छापील गोष्टीवर लोक विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव आहे. नात परवा येऊन हे कच्चं लिखाण वाचून गेली. संध्याकाळी तिनं वडिलांना फोन करून विचारलं म्हणे, "पप्पा, कॉलेजला जायला जवळचा रस्ता कुठला?" एवढं झालं तरी मी समाधानी आहे. एक माणूस फुटला.

शालननं मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कागद नीट घडी घालून ठेवले आणि म्हणाली, "देवमाणूस आहात."

तेव्हा वाचकांना हात जोडून विनंती आहे. यंत्र मीच बदललं होतं, आणि विनायकरावांनी निवडलेलं अगदी बरोबर होतं. हे वाचून कृपा करून मला कुणी मोठ्या मनाचा म्हणू नये. अगदी राहवलंच नाही तर माझ्या माघारी म्हणावं. तोंडावर म्हणू नये, कारण तोंडावर कुणी म्हणालं की माझी मान आपोआप डोलते.